संप करणारा सज्जन

इटलीचा निवृत्त मिडफिल्डर दामियानो तोमासी याच्याबद्दल फुटबॉलच्या कुठल्याही जुन्या चाहत्याला विचारा, तो हमखास पंधराशे युरोची गोष्ट सांगेल. जुलै २००४ मध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात स्टोक सिटीविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा असा काही जायबंदी झाला की पुढचं वर्षभर तो आपल्या क्लबच्या, म्हणजे रोमाच्या, कामाचा राहिला नाही. २००५ च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपला. तेव्हा त्याने नवा करार मागितला तो नियमात बसेल तेवढ्या किमान पगाराचा. महिना १,५०० युरो. ज्या रोमाला चारच वर्षांपूर्वी त्याने लीगचं विजेतेपद मिळवून द्यायला हातभार लावला होता, त्याच क्लबमध्ये आता तो उमेदवारी करणाऱ्या पोरांच्या बरोबरीने पगार घेणार होता.

गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. माझी तक्रार गोष्टीबद्दल नाही, ती ज्या हेतूने सांगितली जाते त्याबद्दल आहे. ती सांगून झाली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘नाहीतर आजचे खेळाडू बघा.’ म्हणजे तोमासीचा चांगुलपणा इतरांना टोचण्यासाठी वापरायचा. क्लबचे मालक तर अशा गोष्टीवर जामच खूश असतात. जखमी कामगाराने आपणहून पगार कापून घेतला, ही बातमी कुठल्या मालकाला नको असेल?

पण हाच माणूस सहा वर्षांनी, ऑगस्ट २०११ मध्ये, इटलीतल्या फुटबॉलपटूंच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणून उभा राहिला आणि सेरी ए या इटलीतल्या सर्वोच्च लीगची पहिली फेरी त्याने होऊ दिली नाही. दहाच्या दहा सामने पुढे ढकलावे लागले. पंधराशे युरोची गोष्ट सांगणारे या संपापाशी आले की गप्प होतात. माझ्या मते तोमासीच्या कारकिर्दीत शिकण्यासारखं जे आहे ते त्या कराराहून कितीतरी जास्त या संपात आहे. आणि खेळाडूंनी खेळाच्या कारभारात काय करावं, त्यांना तिथे किती अधिकार असावेत, हा आपल्याकडेही लोंबकळत पडलेला प्रश्न त्यातूनच नीट दिसतो.

आधी मैदानावरचं थोडं. जन्म १९७४ चा, वेरोनाजवळच्या नेग्रार गावचा. हेलास वेरोनातून सुरुवात, १९९६ मध्ये रोमा, आणि पुढची दहा वर्षं तिथेच. देखणा खेळाडू तो कधीच नव्हता. कुरळे केस, न थांबणारे पाय, चेंडू हिसकावायचा आणि जवळच्या शहाण्या माणसाकडे सरकवायचा, हे त्याचं काम. पुढे तोत्ती, बातिस्तुता, मोंतेल्ला अशी मंडळी असली की मागे कुणीतरी असं राबणारं लागतंच. झेमान आणि कापेल्लो हे एकमेकांच्या पूर्ण उलट डोक्याचे प्रशिक्षक. दोघांनीही त्याला संघात ठेवलं, यातच सगळं आलं. १७ जून २००१ ला रोमाने पार्माला ३-१ हरवून लीग जिंकली तेव्हा गोल करणारे तिघे वर सांगितलेले तेच होते. तोमासीचं नाव गोलफलकावर नव्हतं, आणि त्यात कुणाला नवलही वाटलं नाही.

जगाने त्याला पाहिलं ते २००२ च्या विश्वचषकात. देजॉनमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध जादा वेळेत त्याने चेंडू जाळ्यात घातला. तो गोल धरला असता तर गोल्डन गोलच्या नियमाने सामना तिथेच संपला असता. ऑफसाइडचा झेंडा वर गेला. पंच बायरन मोरेनो यांच्या नावाने इटली आजही बोटं मोडते. थोड्या वेळाने आन जुंग-हवानने कोरियाचा विजयी गोल केला. तोमासी इटलीकडून एकूण २५ सामने खेळला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो न धरलेला गोल.

एक तपशील मात्र इथेच सांगायला हवा, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ त्यात आहे. इटलीत तेव्हा तरुणांना लष्करी सेवा सक्तीची होती. तोमासीने सदसद्विवेकाचं कारण देऊन ती नाकारली आणि त्याऐवजी नागरी सेवा केली. फुटबॉलपटूंसाठी लष्करात वेगळे संघ असत, सेवा तशी आरामातच पार पडत असे. म्हणजे सोपा रस्ता समोर असताना त्याने अवघड धरला. रोमाच्या चाहत्यांनी त्याला ‘निर्मळ आत्मा’ अशा अर्थाचं टोपणनाव दिलं होतं. मला ते फारसं आवडत नाही. टोपणनावात माणूस संत होऊन बसतो, आणि संतांशी कुणी पगाराच्या वाटाघाटी करत नाही.

आता २०११ कडे. खेळाडू आणि क्लब यांच्यातला सामूहिक करार वर्षभरापूर्वी संपला होता. नव्याचा मसुदा अडला होता तो मुख्यतः सातव्या कलमावर. क्लबांना हवं होतं की प्रशिक्षकाला नको असलेल्या खेळाडूंना मुख्य संघापासून वेगळं काढून सराव करायला लावायची मुभा असावी. ऐकायला यात काही गैर वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र करार नव्याने कर, नाहीतर कमी पैशात दुसरीकडे जा, असं खेळाडूला सांगायचं हे हत्यार होतं. माणसाला कामावरून काढायचं नाही. नुसतं वेगळ्या मैदानावर, वेगळ्या वेळी, दोन-चार नकोशांबरोबर पळवत ठेवायचं. तो आपणच कंटाळून सही करतो.

हे काल्पनिक नाही. लाझिओचा मॅसिडोनियन आघाडीपटू गोरान पांदेव याला क्लबने असंच संघाबाहेर बसवलं होतं. तो लवादाकडे गेला. डिसेंबर २००९ मध्ये लवादाने त्याचा करार रद्द ठरवला, वर नुकसानभरपाईही दिली. मोकळा झालेला पांदेव इंटर मिलानला गेला आणि त्याच हंगामात लीग, इटालियन चषक आणि चॅम्पियन्स लीग असं सगळं जिंकणाऱ्या संघात खेळला. ज्याच्यावर ‘योजनेत बसत नाही’ असा शिक्का मारला होता तो माणूस. पांदेवला वकील परवडला आणि दुसरा मोठा क्लब वाट बघत होता, म्हणून त्याचं भागलं. तिसऱ्या श्रेणीतल्या तेवीस वर्षांच्या बचावपटूने काय करायचं?

संपाची घोषणा झाली आणि अपेक्षेप्रमाणे ‘कोट्यधीशांचा संप’ अशी हाकाटी सुरू झाली. वेळही वाईट होती. सरकार काटकसरीच्या उपायांत मोठ्या उत्पन्नांवर जादा कर लावायच्या गोष्टी करत होतं, देश धास्तावलेला होता, आणि हे लोक सामने बंद पाडतात! क्लबांनी त्या कराचा मुद्दाही भांडणात आणून टाकला: तो खेळाडूने भरायचा की क्लबने? पहिली फेरी बुडाली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तात्पुरता करार झाला आणि लीग सुरू झाली.

तोमासीच्या जागी दुसरा कुणी असता तर हा आरोप चिकटला असता. पण ज्याने स्वतः पंधराशे युरोवर सही केली त्याला पैशाचा हावरा म्हणणं जड जात होतं. त्या जुन्या कराराचा खरा उपयोग इथे झाला, असं मला वाटतं. त्याने स्वतःपुरता पगार सोडला, पण तो सोडायची सक्ती दुसऱ्या कुणावर होऊ नये म्हणून भांडायचा हक्क स्वतःकडे ठेवला. दान देणाऱ्याने देणं वेगळं आणि घेणाऱ्याने ते हक्काने मागणं वेगळं. हा फरक आपल्या समाजात सहसा कुणी पाळत नाही. शिक्षक, परिचारिका, अंगणवाडी सेविका, सगळ्यांना आपण आधी ‘सेवाव्रती’ म्हणून घेतो आणि मग त्या संपावर गेल्या की दुखावतो.

शिवाय अशा संघटना मुळात कोट्यधीशांसाठी नसतातच. तोत्तीला युनियनची काय गरज? खाली तिसऱ्या श्रेणीची सेरी सी आहे. तिथे क्लब उन्हाळ्यात दिवाळखोरीत जातात, पगार महिनोन्‌महिने थकतात, आणि चाहत्यांचा राग थेट खेळाडूंच्या अंगावर येतो. १० नोव्हेंबर २०१३ ला सालेर्नोमध्ये सालेर्नितानाविरुद्ध नोचेरिनाचा सामना होता. जुनं वैर, त्यामुळे नोचेराच्या पाठीराख्यांना मैदानावर यायला बंदी. चिडलेल्या कट्टर चाहत्यांनी आपल्याच खेळाडूंना धमकावलं: आम्ही नाही तर तुम्हीही खेळायचं नाही. सामना सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच नोचेरिनाने तिन्ही बदली खेळाडू उतरवून टाकले. मग एकेक जण पाय धरून खाली बसायला लागला. कुणाचा स्नायू ओढला गेला, कुणाचा घोटा. वीस-एकवीस मिनिटांत मैदानावर सातपेक्षा कमी खेळाडू उरले आणि नियमानुसार सामना थांबवावा लागला. टीव्हीवर हसू येईल असं दृश्य. त्या पोरांच्या जागी बसून पाहिलं तर अंगावर काटा येतो. तोमासीच्या संघटनेने त्याच सुमाराला खेळाडूंवरच्या हल्ल्यांची आणि धमक्यांची दरवर्षी नोंद करून अहवाल काढायला सुरुवात केली. हे काम छायाचित्रात चांगलं दिसत नाही, त्याला पुरस्कार मिळत नाहीत. पण नोंद झाल्याशिवाय कुठल्याही गोष्टीवर बोलता येत नाही.

आणि पार्मा. युरोपीय चषक जिंकलेला क्लब. २०१४-१५ च्या हंगामात त्याचं असं दिवाळं वाजलं की मालकी एक युरो या नाममात्र किमतीत हातोहात फिरली, खेळाडूंना महिनोन्‌महिने पगार नाही, स्वतःच्या मैदानावर सामना भरवायलाही पैसे नाहीत. चाहत्यांनी तार्दिनी स्टेडियमच्या दारावर ‘दरोड्यामुळे बंद’ असा फलक लावला. खेळाडूंच्या संघटनेच्या पुढाकाराने सेरी एच्या एका फेरीतले सामने पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाले. पंधरा मिनिटांनी काय होतं, असं म्हणता येईल. पण आपल्या पगाराची काळजी नसलेल्या माणसांनी दुसऱ्याच्या पगारासाठी घड्याळ थांबवलं, याला संघटनेच्या कामात मोल असतं.

पार्माचं नाव काढलं म्हणून एक आठवण. पुण्याच्या एफसी पुणे सिटीचा पहिला प्रशिक्षक फ्रांको कोलोंबा याआधी पार्माचा प्रशिक्षक होता, आणि पुण्याच्या क्लबच्या भागीदारांत फिओरेंतिना हा इटालियन क्लबही होता. २०१४ मध्ये बालेवाडीत केवढा उत्साह होता! पाच वर्षांत, २०१९ मध्ये, आर्थिक अडचणींत पुण्याचा क्लब बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबादला गेली. आपल्याकडे कुणी घड्याळ थांबवलं नाही. थांबवणार कोण?

इटलीत थांबवणारे होते, कारण त्यांची तयारी जुनी होती. खेळाडूंची ही संघटना १९६८ मध्ये मिलानमध्ये स्थापन झाली. जानी रिव्हेरा, सांद्रो मात्झोला, जाकोमो बुलगारेल्ली असे त्या काळचे तारे संस्थापकांत होते, आणि अध्यक्ष होता सेर्जो काम्पाना, फुटबॉल सोडून वकील झालेला माणूस. तो ४३ वर्षं अध्यक्ष राहिला! (लोकशाहीच्या दृष्टीने हे काही भूषणावह नाही, आपल्या क्रीडा संघटनांतल्या तहहयात अध्यक्षांना हे उदाहरण सापडू नये.) पण काम्पानाने काम केलं. १९७८ मध्ये त्याच्या तक्रारीवरून एका न्यायाधिकाऱ्याने मिलानच्या हॉटेलात भरणारा खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजारच रोखला. मजुरांची बेकायदा दलाली चालली आहे, असा मुद्दा होता. तोवर क्लबची परवानगी नसेल तर करार संपूनही खेळाडू जागचा हलू शकत नसे. १९८१ च्या ९१ क्रमांकाच्या कायद्याने व्यावसायिक खेळाडूला कामगार मानलं आणि ही वेठ टप्प्याटप्प्याने संपली. तोमासीला मे २०११ मध्ये मिळालेली खुर्ची ही अशी होती.

तिथे तो सगळं बरोबरच वागला, असं मुळीच नाही. इटलीच्या फुटबॉल महासंघात मतांचं वजन ठरलेलं आहे. २०१८ च्या निवडणुकीत हौशी क्लबांकडे ३४ टक्के होतं, सेरी सीकडे १७, सेरी एकडे १२, सेरी बीकडे ५, खेळाडूंकडे २०, प्रशिक्षकांकडे १० आणि पंचांकडे २. म्हणजे खेळणारे आणि शिकवणारे मिळून ३० टक्के. हे कायद्याने मिळालेलं आहे, कुणाच्या मेहरबानीने नाही. तरी २०१४ मध्ये अध्यक्ष झाला तो कार्लो ताव्हेक्किओ. परदेशी खेळाडूंबद्दल बोलताना ‘काल-परवापर्यंत केळी खात होते’ असे वंशद्वेषी उद्गार काढूनही तो आरामात निवडून आला. विरोधात खेळाडूंनी उभा केलेला देमेत्रिओ आल्बेर्तिनी होता. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वीडनकडून हरून इटली विश्वचषकालाच मुकली आणि ताव्हेक्किओला जावं लागलं.

जानेवारी २०१८ च्या निवडणुकीला मग तोमासी स्वतः उभा राहिला. समोर सेरी सीचा प्रमुख ग्राविना आणि हौशी क्लबांचा प्रमुख सिबिलिया. तोमासी बाहेर पडला, शेवटच्या फेरीत ते दोघे उरले, आणि खेळाडूंनी कुणालाच मत दिलं नाही. खेळाडूंच्या आणि इतरांच्या मिळून मतपेटीत ५९ टक्के कोऱ्या मतपत्रिका निघाल्या. अध्यक्ष झालाच नाही, वरून प्रशासक नेमला गेला. ऑक्टोबरमध्ये ग्राविनाच जवळपास एकमताने निवडून आला. मला हा तोमासीचा हट्ट वाटतो. २० टक्के हाती असलेल्या माणसाने ते वापरून काही वदवून घ्यायचं असतं. तत्त्व राखलं, पण मधले नऊ महिने गेले. सज्जन माणसं वाटाघाटीत इथेच चुकतात. त्यांना तडजोडीचा वास आला की ती खोलीतून उठून जातात.

तरी त्या हट्टालाही वजन होतं, कारण त्यामागे मतं होती. आता आपल्याकडे या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या घटनेचा मसुदा केला. त्यात राज्य संघटनांच्या ३६ मतांच्या जोडीला ३६ माजी खेळाडूंना मताधिकार द्यायचा बेत होता. फिफाला तो मान्य नव्हता. ऑगस्टमध्ये फिफाने त्रयस्थ हस्तक्षेपाचं कारण देऊन भारतावर बंदीच घातली आणि दहा-बारा दिवसांत, खेळाडूंची मतं गेल्यावर आणि प्रशासकांचा कारभार संपल्यावर, ती उठवली. २ सप्टेंबरला महासंघाच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया याला एक मत पडलं. कल्याण चौबे यांना ३३.

चौबे हे माजी गोलरक्षक. ८५ वर्षांत पहिल्यांदा खेळाडू अध्यक्ष झाला, अशा बातम्या आल्या. त्या खऱ्याच होत्या. पण खुर्चीवर बसलेला माणूस पूर्वी काय खेळायचा, याने काही ठरत नाही. त्याला तिथे कुणी बसवलं आणि उद्या तो कुणाला उत्तर देईल, याने ठरतं. चौबेंना राज्य संघटनांनी निवडलं, ते राज्य संघटनांना बांधील. खेळाडूंसाठी कार्यकारिणीत स्वीकृत जागा ठेवल्या गेल्या. स्वीकृत म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. स्वीकृत नगरसेवक आपण पाहिलेले आहेत. भुतियाच्या पुढाकाराने २००६ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली, तिने थकलेल्या पगारांची प्रकरणं लढवलीही. पण इटलीसारखा, सगळ्या क्लबांना बांधणारा सामूहिक करार तिच्या हातात नाही.

त्याचा परिणाम २०२५ मध्ये दिसला. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातल्या कराराचा घोळ मिटेना म्हणून जुलैमध्ये आयएसएल बेमुदत लांबणीवर पडली. काही क्लबांनी पगार थांबवले. सुनील छेत्री, गुरप्रीत, झिंगन यांच्यासारख्या देशाच्या कर्णधारपदापर्यंत पोचलेल्या खेळाडूंनी काय केलं? समाजमाध्यमांवर निवेदनं काढली. आम्हाला खेळायचं आहे, कुणीतरी लक्ष द्या. हातात दुसरं काही नव्हतंच. तोमासीपाशी सातव्या कलमावर अडून बसायची सोय होती. यांच्यापाशी कलमच नाही.

‘खेळाडूंना कारभारातलं काय कळतं’ हा आक्षेप नेहमीचा. त्याला उत्तर म्हणून लोक तोमासीचं पुढचं आयुष्य दाखवतात. जून २०२२ मध्ये तो वेरोनाचा महापौर झाला. उजव्या विचारांच्या या शहरात डाव्यांच्या पाठिंब्यावर उभा राहून, दुसऱ्या फेरीत सुमारे ५३ टक्के मतं घेऊन. त्यात विरोधकांच्या फाटाफुटीचा वाटा मोठा होता, हे विसरू नये. फेदेरिको स्बोआरीना आणि फ्लाव्हिओ तोसी हे उजव्यांतले दोघे एकमेकांविरुद्ध लढले आणि दुसऱ्या फेरीतही त्यांची रीतसर युती झाली नाही. पण प्रचारात तो एकदाही आवाज चढवून बोलला नाही, म्हणून जिंकला, असं सांगणारेही पुष्कळ आहेत. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की महापौर होण्याआधी तो नऊ वर्षं रोज दुसऱ्यांचे करार, दुसऱ्यांचे थकलेले पगार आणि दुसऱ्यांचे गुडघे यांत बुडालेला होता. रिव्हेरा त्याच्या आधी खासदार झाला, संरक्षण खात्याचा उपमंत्री झाला, तो बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, घेतलेला खेळाडू होता. तोमासीकडे तसं काही नव्हतं. मैदानावरच्या कीर्तीवर निवडून यायचं तर तो आलाच नसता.

म्हणून आपल्याकडच्या मागणीची दिशा बदलायला हवी. ‘महासंघात माजी खेळाडू असावेत’ ही मागणी पुरी करणं कुठल्याही संघटनेला सोपं आहे. एखादं ओळखीचं नाव घ्यायचं, हार घालायचा, बैठकीत शेवटच्या खुर्चीवर बसवायचं. मागायला हवं ते असं: आज खेळत असलेल्या खेळाडूंनी, पुरुष आणि स्त्रिया दोघांनीही, मतदान करून निवडलेले प्रतिनिधी. त्यांच्या मतांचं घटनेत लिहिलेलं वजन. आणि क्लबांशी होणाऱ्या कराराचा एकच नमुना, ज्यात जखमी झाल्यावर पगाराचं काय, पगार थकला तर किती दिवसांनी मोकळं होता येईल, संघातून वेगळं काढलं तर दाद कुठे मागायची, हे सगळं असेल. याला क्लब विरोध करतील. पैसा आधीच नाही, वर हे कशाला, असं म्हणतील. मुद्दा अगदीच खोटा नाही, भारतीय क्लबांचा तोटा खरा आहे. पण तोट्यातला क्लब जेव्हा पगार थांबवतो तेव्हा तो खेळाडूकडून बिनव्याजी कर्जच घेत असतो, आणि ते द्यायचं की नाही, हे विचारायला आज खेळाडूंच्या बाजूने टेबलापाशी कुणी बसलेलं नाही.